खान्देशात लोकेशन फोटोग्राफी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वतःचा स्टुडिओ न थाटता जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत जागेवर जाऊन छायाचित्रे काढून देणे हा माझा व्यवसाय आहे. हे काम करू इच्छिणारे तरुण आणि ते करून घेणारे ग्राहक पुन्हा पुन्हा जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

लोकेशन फोटोग्राफर नेमके काय काम करतो?

ग्राहकाची वस्तू, वास्तू, माणसे किंवा प्रक्रिया जिथे असते तिथे तो जातो आणि तिथल्याच उजेडात, तिथल्याच अडचणींसह छायाचित्र तयार करतो. खान्देशात अशी कामे प्रामुख्याने केळी निर्यातदार, पॅकिंग हाऊस, जिनिंग-प्रेसिंगचे (कापसातून सरकी काढून गाठी बांधणारे) कारखाने, डाळ मिल, ठिबक सिंचनाचे साहित्य बनवणारे, सराफी पेढ्या, शाळा आणि रुग्णालये यांच्याकडून येतात. प्री-वेडिंगची मागणी अलीकडे त्यात मिळाली आहे. ग्राहकाला वाटते की तो कॅमेरा चालवण्याचे पैसे देतो. प्रत्यक्षात योग्य वेळी, परवानगीनिशी, नेमक्या जागी उभे राहण्याचे ते पैसे असतात, आणि पुढील बहुतेक उत्तरे त्याच्याशीच निगडित आहेत.

आधी जाऊन जागा पाहणे खरोखरच आवश्यक आहे का? मोबाइलवर फोटो मागवले तर चालत नाही का?

मोबाइलवर आलेल्या फोटोंतून जागा दिसते, दिशा कळत नाही. रावेर तालुक्यातील एका पॅकिंग हाऊसचे काम आले तेव्हा मालकांनी पाठवलेल्या फोटोत शेड अतिशय उजळ आणि प्रसन्न दिसत होते. पाहणीला गेल्यावर लक्षात आले, की शेडला एकच मोठे दार आहे, ते पश्चिमेकडे उघडते आणि मालकांनी ते फोटो सायंकाळी काढले आहेत. केळीची कापणी मात्र सकाळी होते आणि घड शेडमध्ये येऊन फण्या सुट्या करणे, तुरटीच्या पाण्यात धुणे, वजन करणे, खोक्यात भरणे हे सगळे ऊन दारापर्यंत पोहोचण्याच्या बरेच आधी सुरू होते. त्या वेळी आत पत्र्याखालचा निस्तेज अंधार असतो. म्हणून दोन मोठे दिवे आणि दोन सहायक घेऊन जावे लागणार, हे त्या पाहणीत ठरले आणि कोटेशनमध्येही तसेच लिहिले गेले.

पाहणीला जाताना होकायंत्र, मोजपट्टी आणि घड्याळ एवढे पुरते. घड्याळाबाबत एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर बेतलेली आहे आणि जळगाव त्याच्या पश्चिमेला सुमारे ७ अंशांवर आहे, त्यामुळे येथे सूर्य माथ्यावर येतो तो १२ वाजता नव्हे, तर सरासरी साडेबाराच्या सुमारास. नोव्हेंबरात थोडा आधी, फेब्रुवारीत थोडा नंतर. नंदुरबार आणखी पश्चिमेला असल्याने तिथे आणखी काही मिनिटे उशीर होतो. ‘बाराच्या आत आटोपू’ असे ठरवणाऱ्यांना हा अर्धा तास बोनस म्हणून मिळतो, आणि सकाळचा उजेडही त्याच हिशेबाने उशिरा सुरू होतो.

ग्राहक पाहणीचे वेगळे पैसे देण्यास नाखूश असतात. मी पाहणीचा मोबदला कोटेशनमध्ये स्वतंत्र ओळीत दाखवतो आणि काम पक्के झाल्यास तो अंतिम बिलातून वजा करतो.

उन्हाळ्यात काम करता येते का?

करता येते, परंतु दिवसाची मांडणी बदलावी लागते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो, तर बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापराची कमाल मर्यादा ४० अंश छापलेली असते. सावलीत आणि थोड्या थोड्या वेळाने बंद ठेवून वापरला तर कॅमेरा सहसा साथ देतो. व्हिडिओ सलग चालू ठेवला तर तापून बंद पडतो. बंद मोटारीत सामान ठेवणे तर सर्वांत वाईट. मी थर्माकोलच्या खोक्यात सामान ठेवतो आणि वरून ओले फडके टाकतो. खोक्यात बर्फ ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, तो ऐकू नये, कारण थंड झालेली लेन्स उघड्यावर काढताच तिच्यावर दव धरते.

उन्हाचा दुसरा परिणाम कमी लोकांना ठाऊक असतो. तापलेल्या काळ्या जमिनीवरून किंवा डांबरी रस्त्यावरून वर चढणारी हवा थरथरत असते आणि लांब पल्ल्याच्या लेन्समधून काढलेल्या चित्रात ती थरथर उतरते. मग कडा विरघळल्यासारख्या दिसतात. नवे लोक लेन्सला दोष देतात, शटरचा वेग वाढवतात, ट्रायपॉड बदलतात; त्यातल्या कशाचाही उपयोग होत नाही. विषयाच्या जवळ जाणे किंवा सकाळी आठच्या आत यावयाचे, हे दोनच उपाय आहेत.

तिसरी अडचण सावलीची. खान्देश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने येथे वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात, सूर्य थेट डोक्यावर येतो. त्या काळात दुपारी माणसाच्या डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात आणि इमारतीची दर्शनी भिंत सपाट, निर्जीव दिसते. इमारतींची कामे मी शक्यतो नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घेतो. तेव्हा ऊन दिवसभर दक्षिणेकडून तिरपे येते आणि दक्षिणाभिमुख वास्तू जवळपास कोणत्याही वेळी चांगली दिसते. उत्तराभिमुख वास्तूसाठी मात्र उन्हाळ्यातील सकाळ किंवा सायंकाळच गाठावी लागते, कारण हिवाळ्यात तिच्या दर्शनी भागावर ऊन पडतच नाही. हे ग्राहकाला आधी सांगितले, की उद्घाटनाच्या घाईत दबाव आणणारेसुद्धा ऐकतात.

केळीच्या बागेतील छायाचित्रांत माणसांचे चेहरे हिरवट का येतात?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. केळीचे पान मोठे, पातळ आणि अर्धपारदर्शक असते. त्यातून गाळून आलेला उजेड हिरवाच असतो आणि खालच्या पानांवरून परतणारा उजेडही हिरवा असतो. कॅमेऱ्याचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सोय) चौकटीतला सगळा हिरवा रंग पाहून गोंधळतो आणि दर फ्रेमला वेगळा निर्णय घेतो, त्यामुळे एकाच बागेतील दहा चित्रांत दहा छटा येतात. प्रथम स्वयंचलित पर्याय बंद करावा, करड्या कार्डाचे एक चित्र शेतकऱ्याच्या चेहऱ्यापाशी धरून काढावे आणि त्यावरून रंग बसवावा.

एवढ्याने अर्धेच काम होते. बागेत पानांच्या फटींतून खऱ्या उन्हाचे कवडसेही पडतात. चेहऱ्याचा एक गाल हिरव्या सावलीत आणि दुसऱ्यावर पांढरे ऊन असेल, तर कोणताही व्हाइट बॅलन्स दोन्ही बाजू सुधारू शकत नाही. अशा वेळी कवडसा पांढऱ्या कापडाने अडवावा, किंवा माणसाला दोन ओळींच्या टोकाला, मोकळ्या आकाशाचा उजेड येईल अशा जागी आणून मागे बाग ठेवावी. फ्लॅश वापरणारच असाल तर त्याच्या तोंडाला फिकट हिरवी फिल्म लावावी. फ्लॅशचा उजेड बागेच्या उजेडाशी जुळला की संपूर्ण चित्राचा हिरवेपणा एकदम काढून टाकता येतो. चेहऱ्यापाशी फ्लॅश लावून हिरवेपणा वाढवायचा हे ऐकून सहायक माझ्याकडे शंकेने पाहतात, परंतु नंतर संगणकावर फरक दिसतो. रिफ्लेक्टर चांदीचा न घेता पांढरा घ्यावा, कारण चांदीच्या रिफ्लेक्टरने शेतकरी डोळे मिचकावतात आणि नैसर्गिक भाव निघून जातो.

बागेत जाताना जुने कपडे घालावेत. केळीचा चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा दिसतो आणि वाळल्यावर काळपट डाग होतो, तो धुऊन जात नाही. लेन्सवर साधी काच लावलेली असावी. ठिबकच्या नळ्यांजवळची काळी जमीन नेहमी ओली असते आणि ट्रायपॉडचे पाय तीत हळूहळू खचतात. दहा मिनिटांपूर्वी सरळ असलेली चौकट कलती दिसू लागते; म्हणून प्रत्येक पायाखाली लाकडी फळीचा तुकडा ठेवावा.

कोणत्या महिन्यात जावे, हे शेतकऱ्यालाच विचारावे. जून-जुलैत लागवड झालेली मृगबाग आणि ऑक्टोबराच्या सुमारास लावलेली कांदेबाग यांची कापणी वेगवेगळ्या काळात येते, त्यामुळे ‘केळीचा हंगाम’ असा एकच काळ धरून निघालेला माणूस गुडघ्याएवढ्या रोपांत जाऊन उभा राहतो. वादळाने बाग आडवी झाली असेल त्या आठवड्यात कॅटलॉगचे काम पुढे ढकलावे, एवढे तारतम्य असावे.

जिनिंग कारखान्यात कोणती काळजी घ्यावी?

कापसाचे तंतू हवेत सतत तरंगत असतात, त्यामुळे आत लेन्स अजिबात बदलू नये. दोन कॅमेऱ्यांवर दोन लेन्स लावूनच आत जावे. मोकळ्या कापसाच्या ढिगाजवळ आगीचा धोका असल्याने कोणताही दिवा लावण्यापूर्वी कारखान्याच्या जबाबदार माणसाला तो दाखवून होकार घ्यावा, आणि तापणारे हॅलोजन दिवे तर नेऊच नयेत. चालत्या यंत्रापाशी गळ्यातील पट्टा, गमछा, सैल बाह्या नसाव्यात. पत्र्याच्या छतातील पारदर्शक पन्हळींतून येणारा उजेड आणि हवेतील तंतू यांमुळे दुपारी उजेडाचे पट्टे स्पष्ट दिसतात. दुपारचे ऊन ज्या मोजक्या ठिकाणी उपयोगी पडते, त्यांपैकी हे एक आहे.

पाटणादेवी, यावल अभयारण्य, अजिंठा, रेल्वे स्थानक अशा ठिकाणी परवानगी लागते का?

लागते, आणि प्रत्येक ठिकाणचे कार्यालय वेगळे असते. पाटणादेवीचा परिसर गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतो. यावल आणि अनेर धरण हीही अभयारण्येच आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार अभयारण्यातील छायाचित्रणासाठी वन विभागाची परवानगी आवश्यक असते. पर्यटकाने मोबाइलवर काढलेला फोटो वेगळा आणि दिवे, कपडे बदलण्याचा तंबू व सहा माणसे घेऊन केलेले प्री-वेडिंग वेगळे, हे तपासणी नाक्यावरील वनरक्षकाला चांगले समजते.

अजिंठ्याच्या लेण्यांचा जिल्हा जळगाव नसला तरी जळगावहून अनेक कामे तिथे निघतात. तिथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे नियम लागू होतात: चित्रे असलेल्या लेण्यांत फ्लॅशला मनाई आहे आणि ट्रायपॉड लावून व्यावसायिक छायाचित्रण करावयाचे असेल तर आधी परवानगी घ्यावी लागते. लेणी सोमवारी बंद असतात, हे विसरून बाहेरगावचे ग्राहक नेमका सोमवारच ठरवतात. भुसावळसारख्या जंक्शनवर व्यावसायिक कामासाठी रेल्वे प्रशासनाची लेखी परवानगी हवी. ‘ओळखीचे आहेत’ हे उत्तर फलाटावर टिकत नाही.

अर्जात तारीख, वेळ, माणसांची संख्या, सामानाची यादी आणि छायाचित्रांचा उपयोग एवढे स्पष्ट लिहिलेले असेल तर निर्णय लवकर होतो. हातनूर जलाशयावर हिवाळ्यात पक्षी टिपायला जाणाऱ्यांनी नावाड्याशी भाव आधी ठरवावा आणि थव्यावर होडी नेण्याचा आग्रह धरू नये.

ड्रोन उडवता येतो का?

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ड्रोनची नोंदणी करून विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनसाठी वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. त्याहून जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर ते लागते. पूर्वपरवानगी न लागणाऱ्या हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाण करता येते, परंतु विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ वेगळी परवानगी लागते. जळगावला विमानतळ आहे, भुसावळ आणि वरणगावला आयुध निर्माण्या आहेत. म्हणून डिजिटल स्काय या सरकारी मंचावरील नकाशा पाहिल्याशिवाय या भागात ड्रोन हवेत सोडू नये.

सातपुड्यातील होळी, भोंगऱ्या बाजार, सारंगखेड्याची यात्रा येथे कसे वागावे?

अक्कलकुवा तालुक्यातील काठीची राजवाडी होळी, होळीपूर्वीचे भोंगऱ्या बाजार आणि दत्तजयंतीला सारंगखेड्यात भरणारा घोड्यांचा बाजार या तिन्ही ठिकाणी हल्ली कॅमेऱ्यांची गर्दी असते. घोडेबाजारात फारशी अडचण नाही. मालकाला आपल्या जनावराचा फोटो हवाच असतो, फक्त घोड्याच्या मागच्या बाजूने जाऊ नये आणि फ्लॅश उडवू नये.

होळीची गोष्ट निराळी आहे. अंगावर रंगाचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप आणि कमरेला घुंगरू-भोपळे बांधलेला माणूस तिथे नटलेला नट नसतो. त्याने व्रत घेतलेले असते आणि त्याचे पाळणुकीचे नियम असतात. त्याला थांबवणे, उजेडाकडे वळायला सांगणे, पुन्हा नाचायला लावणे हे सर्व टाळावे. आदल्या दिवशी गावात पोहोचून पाटील, पुजारी किंवा शाळेतील शिक्षक यांच्याशी बोलावे, पावरी किंवा भिली बोलणारा स्थानिक सोबती मोबदला देऊन घ्यावा आणि कुठे उभे राहिलेले चालेल ते त्याच्याकडून समजून घ्यावे. भोंगऱ्या हा होळीची खरेदी करण्याचा आणि भेटीगाठींचा बाजार आहे. त्याला ‘लग्न ठरवण्याचा बाजार’ म्हणणाऱ्या फोटोओळी वर्षानुवर्षे छापल्या गेल्या, त्यांचा तिथल्या लोकांना राग आहे आणि तो रास्त आहे. ओळ लिहिण्याचे काम संपादकावर सोडू नये. चित्रासोबत ती आपणच लिहून द्यावी.

ज्या चित्रात चेहरा ओळखू येतो आणि ज्याचा जाहिरातीसाठी उपयोग होणार आहे, त्यासाठी लेखी संमतिपत्र घ्यावे. ते मराठीत असावे, वाचून दाखवावे, समजत नसेल तर सोबत्याकडून त्यांच्या बोलीत सांगावे, आणि मुलांसाठी आई-वडिलांची सही घ्यावी. छायाचित्राची छापील प्रत पुढच्या खेपेस नेऊन देणे हा माझा नियम आहे.

कोणता कॅमेरा घ्यावा?

जो भाड्याने न घेता विकत घेता येईल आणि ज्याची दुरुस्ती पुणे, नाशिक किंवा मुंबईत होऊ शकेल, असा कोणताही. त्यावर आणखी लिहिण्यासारखे काही नाही.

रस्त्यावरच्या मोठ्या फलकासाठी चित्र पुरेसे मोठे आहे, हे कसे ओळखावे?

चोवीस मेगापिक्सेलचे चित्र ६,००० बाय ४,००० बिंदूंचे असते. वीस फूट म्हणजे २४० इंच रुंद फलकावर ते लावले तर इंचाला २५ बिंदू येतात, आणि महामार्गावरून धावत्या गाडीतून पाहणाऱ्यासाठी तेवढे पुरते. हातात घेऊन पाहण्याच्या ए-फोर आकाराच्या पत्रकासाठी मात्र इंचाला ३०० बिंदू हवेत, म्हणजे साधारण २,४८० बाय ३,५०८. फ्लेक्सवाला ‘फोटो फुटतोय’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा चित्र व्हॉट्सॲपवरून लहान होऊन त्याच्यापर्यंत पोहोचलेले असते.

दर कसा ठरवावा?

प्रथम स्वतःचा दिवसाचा खर्च काढावा. समजा ४ लाखांची सामग्री ४ वर्षे वापरली आणि वर्षाला प्रत्यक्ष कामाचे १०० दिवस मिळाले, तर केवळ झीज भरून काढण्यासाठी दर दिवशी १,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. त्यात प्रवास, सहायकाची मजुरी, विमा, साठवणूक आणि संपादनाला लागणारे दिवस मिळवावेत. चित्रणाच्या एका दिवसामागे एक ते दोन दिवस संगणकापुढे जातात, आणि नवे लोक नेमके तेच मोजत नाहीत. त्यानंतर स्वतःचा मेहनताना आणि शेवटी छायाचित्रांच्या उपयोगाचे मोल धरावे. गावातील दुकानाच्या संकेतस्थळावर झळकणारे चित्र आणि आखाती देशांत जाणाऱ्या लाखो खोक्यांवर छापले जाणारे चित्र काढायला तेवढाच वेळ लागत असेल, तरी दोन्हींचा दर एक असू शकत नाही.

सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आवश्यक होते. काम पक्के करताना बयाणा घ्यावा. पाऊस आल्यास किंवा ग्राहकाने तारीख बदलल्यास काय, हेही त्याच कागदावर लिहावे.

पैसे घेऊन काढलेल्या छायाचित्राचा मालक कोण?

येथे बहुसंख्य छायाचित्रकारांचा गैरसमज असतो. प्रताधिकार अधिनियम १९५७ च्या कलम १७ नुसार, एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर प्रताधिकाराचा पहिला मालक तो ग्राहक असतो. म्हणजे काहीही न लिहिता काम केले तर कायदा ग्राहकाच्या बाजूने उभा राहतो. हक्क स्वतःकडे ठेवायचा असेल तर काम सुरू होण्याआधी तसे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्या लागतात.

हक्क सोपवायचा असेल तर कलम १९ प्रमाणे तो लेखी सोपवावा लागतो, आणि त्यात कोणते चित्र, कोणता उपयोग, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदल्यात हे असावे. काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षे धरला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. छायाचित्रावरील प्रताधिकार छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे राहतो. हक्क सोपवल्यानंतरही आपले नाव लावून घेण्याचा आणि प्रतिष्ठेस हानी पोहोचेल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ खाली छायाचित्रकाराकडे उरतो.

एका व्यापाऱ्यासाठी मी केळीच्या घडांची चित्रे काढली होती आणि करारात ‘कॅटलॉग व संकेतस्थळ, २ वर्षे’ असे लिहिले होते. पुढच्या हंगामात तोच घड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याच्या खोक्यांवर छापलेला मला सावद्याच्या बाजारात दिसला. पहिल्याने दुसऱ्याला स्नेहापोटी फाइल दिली होती. करारातील ती एक ओळ समोर ठेवल्यावर वाद वाढला नाही आणि खोक्यांवरील उपयोगाचे वेगळे बिल चुकते झाले. असा कागद वकिली भाषेत नसला तरी चालतो, फक्त एका पानात बसावा, म्हणजे तो वाचला जातो.

ग्राहक रॉ फाइल (कॅमेऱ्यातील मूळ, संस्कार न केलेल्या फाइल) मागतात, द्याव्यात का?

करारात त्यांचा वेगळा दर असेल तर द्याव्यात, नसेल तर देऊ नयेत. साठवणुकीसाठी दोन हार्ड डिस्क ठेवाव्यात आणि तिसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. चोवीस मेगापिक्सेलच्या हजार रॉ फाइल साधारण २५ ते ३० जीबी होतात, त्यामुळे डिस्कचा खर्च ही प्रती न ठेवण्याची सबब होऊ शकत नाही.

बिलाचे पैसे महिनोन्‌महिने थकले तर काय करावे?

उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंद) विनाशुल्क आहे आणि ती काम घेण्याआधीच केलेली असावी. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम २००६ च्या कलम १५ नुसार, लेखी करार असला तरी देयकाची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, आणि करारच नसेल तर ती १५ दिवसांची असते. मुदत उलटल्यावर कलम १६ खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार सरकारी संकेतस्थळावरून, थकलेल्या देयकांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे करता येते.

ही वेळ क्वचितच येते. मी बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि कलमाचा उल्लेख छापतो, चित्रे सुपूर्द केल्याची पोच ई-मेलवर घेतो आणि मोठ्या आकाराच्या फाइल शेवटचा हप्ता जमा झाल्यावरच पाठवतो. मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागाला पोच आणि खरेदी आदेशाचा क्रमांक बिलावर लागतो; तो नसेल तर बिल परत येते आणि ४५ दिवसांची मोजणी कोठून करायची यावर नवा पत्रव्यवहार सुरू होतो, म्हणून खरेदी आदेश हाती आल्याशिवाय मी जळगाव सोडत नाही.